पडजिभेतलं द्राक्ष

सर, नमस्कार.

सहसा न भेटणाऱ्या इंग्रजी शब्दांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन ताशेरे ओढलेत: 'नॉनप्लस्ड'चा अर्थ चुकला, असे शब्द पाठ करणं ही पोपटपंची, आणि नाशिकमध्ये ते बोलायचे तरी कोणाशी?

पहिला मुकाट मान्य. मी 'अजिबात न डगमगलेला' असा अर्थ दिला होता. अमेरिकेत बरेच जण हल्ली तसा वापरतात, तिथे फसलो. मूळ लॅटिन 'नॉन प्लुस' म्हणजे 'याहून पुढे नाही'. मती कुंठित झालेला, पुढे काही सुचेना असा माणूस. अगदी उलट! लेखात दुरुस्ती केली आहे.

पोपटपंचीबद्दलही वाद नाही. रोज दहा शब्दांचा माझा संकल्प तिसऱ्याच आठवड्यात बारगळला. शब्द वहीत आहेत, डोक्यात नाहीत.

नाशिकच्या मुद्द्यावर मात्र भांडणार. मध्यंतरी घसा धरला, डॉक्टरांनी टॉर्च मारून सांगितलं, "युव्ह्युला सुजलाय." म्हणजे आपली पडजीभ. घरी येऊन कोश उघडला, तर लॅटिन 'ऊवा' म्हणजे द्राक्ष आणि हे त्याचं लघुरूप, इवलंसं द्राक्ष. आरशासमोर आ वासून पाहिलं. खरंच की, घडाच्या टोकाला एखादा बारका मणी लोंबत राहावा तशी! (बायकोला वाटलं, ताप डोक्यात गेला.)

मग द्राक्षाचा मागच काढला. भाची 'नीट'साठी (मेडिकलची प्रवेश परीक्षा) 'स्टॅफिलोकॉकस' हे जंतूचं नाव घोकत होती. ग्रीकमध्ये 'स्टॅफिली' म्हणजे द्राक्षाचा घड, 'कोकोस' म्हणजे दाणा. सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू घडासारखे झुबक्याने दिसतात, म्हणून हे नाव. एवढं सांगितल्यावर पोरीने घोकणं थांबवून वहीत घड काढला आणि शेजारी माळेसारख्या दिसणाऱ्या 'स्ट्रेप्टोकॉकस' जंतूंसाठी मण्यांची माळ. याला पोपटपंची कसं म्हणू?

'विंटेज'चंही तेच. जुन्या मोटारींमुळे आपण त्याचा अर्थ 'जुनं' एवढाच धरतो. मुळात तो वाइनसाठी द्राक्षं उतरवण्याचा शब्द. त्यावरून अमुक सालच्या द्राक्षांची वाइन, आणि पुढे जुन्या नामी वस्तू. दिंडोरीच्या मामांना हे सांगितलं, तेव्हा ते क्रेटमध्ये घड रचत होते. मान वर न करता म्हणाले, "मग आमचा बाग दर साल विंटेजच की. भाव तेवढा त्या शब्दासारखा मिळवून दे."