१३५ उमेदवार, पण पक्ष दोनच

२००३ च्या कॅलिफोर्नियातील रिकॉलमध्ये, म्हणजे गव्हर्नरला मुदतीआधीच हटवण्यासाठीच्या मतदानात, १३५ उमेदवार होते, म्हणून दोन पक्षांची मक्तेदारी मोडली, हे लेखातलं विधान पटलं नाही. श्वार्झनेगर, बुस्तामांते, मॅक्लिन्टॉक या पहिल्या तिघांनीच ९३ टक्क्यांहून जास्त मतं नेली. तिघेही त्याच दोन पक्षांचे! बाकीची नुसती जत्रा.

खरी गोम लेखात आलीच नाही. मतपत्रिकेवर दोन प्रश्न असतात: गव्हर्नरला हटवायचं का, आणि हटवलं तर त्याच्या जागी कोण? गव्हर्नरला टिकायला निम्मी मतं हवीत, त्याच्या जागी येणाऱ्याला मात्र फक्त इतरांपेक्षा जास्त. तेव्हा श्वार्झनेगरना ४८.६ टक्के मिळाली म्हणून निभावलं. २०२१ च्या रिकॉलमध्ये तर तेव्हाचे गव्हर्नर न्यूसम यांच्या प्रचारानेच दुसरा प्रश्न कोरा सोडायला सांगितलं. आपल्याकडे पदवीधर मतदारसंघात पसंतीक्रम देतोच की आपण, तिथे का नको?