मोटरहोम घेण्याआधी राहायचे आहे की फिरायचे आहे, ते ठरवा

आमच्या परिचयातील तीन मराठी जोडपी सध्या निवृत्तीनंतर मोठे मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली बसएवढी गाडी, घेऊन अमेरिकाभर हिंडण्याचा विचार करीत आहेत आणि तिन्ही घरांतून मला फोन येऊन गेले आहेत. प्रत्येकाला वेगवेगळे सांगताना काही ना काही राहून जाते, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आम्ही दोघांनी डॅलसजवळचे घर विकून चार वर्षांपूर्वी 40 फुटी, वापरलेले डिझेल मोटरहोम घेतले आणि तेव्हापासून तेच आमचे घर आहे. माझे मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचे वाचायचे नाही त्यांचा वेळ वाचेल. एवढे मोठे मोटरहोम राहण्यासाठी उत्तम आहे आणि फिरण्यासाठी अडचणीचे आहे. विकणारे मात्र ते फिरण्याच्या नावाने विकतात आणि आपणही त्याच नावाने घेतो.

प्रथम आकाराची कल्पना यावी म्हणून सांगते. आमची गाडी साध्या एसटी बसपेक्षा थोडी लांबच आहे, तिची उंची वातानुकूलन यंत्रासकट साडेबारा फुटांच्या वर जाते आणि सामान, पाणी व इंधन भरल्यावर वजन 32,000 पौंड, म्हणजे साडेचौदा टन भरते. टेक्सासमध्ये 26,000 पौंडांच्या वरची गाडी स्वतःच्या कामासाठी चालवायची असली तरी बी वर्गाचा परवाना लागतो. तो मी काढला, कारण यजमानांचे डोळे रात्री नीट साथ देत नाहीत. परीक्षा घेणाऱ्या गृहस्थांनी दोनदा विचारले की चालवणार नक्की कोण. गाडी पुढे नेणे आठवड्याभरात जमते. खरी मेख मागच्या भागात आहे. मागच्या चाकांच्या पलीकडे दहा-अकरा फूट धड लोंबते आणि आपण उजवीकडे वळलो की ते शेपूट डावीकडे झाडू मारल्यासारखे फिरते. पहिल्याच महिन्यात त्या शेपटाने एका पेट्रोलपंपावरचा कचऱ्याचा डबा आडवा केला. त्यानंतर आम्ही डिझेल फक्त ट्रकवाल्यांच्या थांब्यांवरच भरतो.

मागे घेण्याचा प्रकार तर पाहण्यासारखा असतो. यजमान वॉकीटॉकी घेऊन मागे उभे राहतात आणि मी आरशांत पाहत इंच इंच सरकते. "थोडे डावीकडे" असे ते म्हणाले की "अहो, डावीकडे म्हणजे माझ्या की तुमच्या?" हा संवाद चार वर्षांत किमान शंभर वेळा झाला असेल. शेवटी आम्ही डावे-उजवे सोडून दिले आणि "ड्रायव्हरकडे" व "दाराकडे" असे शब्द ठरवले. संसार टिकवण्यासाठी केलेली ही सर्वांत स्वस्त सुधारणा होती.

आता फिरण्याविषयी. ज्या राष्ट्रीय उद्यानांची छायाचित्रे पाहून लोक मोटरहोम घेतात, नेमकी तीच उद्याने एवढ्या गाडीला दारात उभे करीत नाहीत. मोंटाना राज्यातील ग्लेशियर उद्यानात गोइंग टू द सन रोड हा प्रसिद्ध डोंगरी रस्ता आहे. त्याच्या मधल्या भागात 21 फुटांपेक्षा लांब वाहनाला मनाई आहे, म्हणजे आमची गाडी जवळजवळ दुप्पट लांब ठरते. यूटा राज्यातील झायन उद्यानात 1930 साली पूर्ण झालेला डोंगरातला बोगदा कमानीचा असल्याने उंच गाडी रस्त्याच्या मध्यावरूनच न्यावी लागत असे, त्यामुळे आम्ही त्या वाटेला गेलोच नाही. यलोस्टोनमध्ये वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्हींची जोडणी देणारा, गाड्या मुक्कामाला उभ्या करण्याचा तळ एकच, फिशिंग ब्रिजचा. तिथे अस्वलांमुळे कापडी तंबूंना बंदी आहे आणि आरक्षण मिळवण्यासाठी कित्येक महिने आधी कॅलेंडर घेऊन बसावे लागते. उद्यानांमधले बरेचसे जुने तळ आखले गेले तेव्हा एवढ्या गाड्या नव्हत्या. तिथली झाडे आणि वळणे त्या काळच्या गाड्यांना पुरत होती.

यावर उपाय म्हणून सगळे जण मोटरहोमच्या मागे एक छोटी गाडी ओढत नेतात. आम्हीही नेतो. मोटरहोम उद्यानाबाहेर उभे करायचे आणि छोट्या गाडीने आत जायचे. उपाय चांगला आहे, पण त्यामुळे एकूण लांबी 55 फुटांच्या वर जाते, आणि चारही चाके जमिनीवर ठेवून ओढलेल्या गाडीसह मागे येता येत नाही, कारण ओढलेल्या गाडीची पुढची चाके वाटेल तशी वळतात. चुकून बंद गल्लीत शिरलात तर रस्त्यातच उतरून ती गाडी सोडवावी लागते. न्यू मेक्सिकोतील एका गावात आम्ही भर दुपारी ते केले, तेव्हा एका दुकानदाराने खुर्ची बाहेर आणून निवांतपणे आमचा कार्यक्रम पाहिला.

घाट हा त्यातला मला आवडणारा भाग आहे. कोलोरॅडोत डेन्व्हरच्या पश्चिमेला आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांहून अधिक उंचीवर आहे आणि तिथून उतरताना सात टक्क्यांचा उतार लागतो. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी रस्त्याच्या कडेला खडीचे चढ बांधून ठेवलेले दिसतात. माझे मामा सांगलीहून पुण्याला माल नेत. खंबाटकीत ज्या गिअरने चढायचे त्याच गिअरने उतरायचे, हे त्यांचे वाक्य मला लहानपणापासून पाठ आहे. इंजिनाचा ब्रेक लावून तीस-पस्तीस मैलांच्या वेगाने उतरताना मागे गाड्यांची रांग लागते, पण मी कोणासाठीही वेग वाढवीत नाही.

माझा जन्म हिशेब करण्यात गेल्यामुळे मी वही ठेवते आणि माझ्या मताचा खरा आधार ती वहीच आहे. चार वर्षांत आमची गाडी 23,000 मैल चालली, त्यातले 14,000 मैल पहिल्याच वर्षातले. त्या वर्षी एका ठिकाणचा सरासरी मुक्काम तीन रात्रींचा होता. आता तो पाच आठवड्यांचा झाला आहे. हा बदल आम्ही ठरवून केला नाही, गाडीने करून घेतला. गॅलनला आठ मैल, म्हणजे लिटरला जेमतेम साडेतीन किलोमीटर पडतात आणि टाकी 100 गॅलनांची आहे. ती रिकामी होताना पाहिल्यावर पुढचे गाव पुढच्या महिन्यात पाहिले तरी चालते असे वाटू लागते. शिवाय तळांवर महिन्याचा दर रोजच्या दरापेक्षा पुष्कळ कमी पडतो. आणि निघण्याच्या दिवशी घर बंद करायला दीड तास लागतो. सांडपाण्याची नळी धुऊन ठेवायची, विजेची जाड केबल गुंडाळायची, भिंतीतून बाहेर काढलेल्या खोल्या आत घ्यायच्या, जॅक उचलायचे, फ्रिजच्या दाराला पट्टा लावायचा. दाराच्या आत चिकटवलेल्या यादीत शेवटून दुसरी ओळ नुसती "देव" अशी आहे. बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि पंढरपूरहून आणलेला विठोबा मी तीन हातरुमालांत वेगवेगळे गुंडाळून मोज्यांच्या खणात ठेवते. मुक्कामी पोहोचल्यावर सर्वांत आधी तो खण उघडतो. तीन दिवसांनी एकदा हे सारे करणे म्हणजे शिक्षा वाटते. पाच आठवड्यांनी एकदा करायचे तर त्यातही गोडी आहे.

राहायचे ठरवले की मात्र हे घर आपले गुण दाखवू लागते. 1990 च्या सुमारास अमेरिकेत सरकत्या खोल्यांची सोय आली आणि मोटरहोमचे रूपच पालटले. उभ्या गाडीच्या भिंती तीन फूट बाहेर सरकतात आणि बसची खोली होते. आमच्याकडे अशा तीन आहेत. ओटा आहे, कपडे धुण्याचे यंत्र आहे आणि पाहुण्यांसाठी पलंग होणारा सोफा आहे. पोळ्या मी रोज करते. फोडणीने धुराचा भोंगा वाजतो म्हणून मोहरी तडतडायच्या आधी छतावरचा पंखा चालू करण्याची सवय लागली आहे. वीज मोजून वापरावी लागते. 50 अँपिअरची जोडणी असेल तर 12,000 वॉट मिळतात आणि काही बघावे लागत नाही. जुन्या तळांवर 30 अँपिअर, म्हणजे अवघे 3,600 वॉट असतात. तेव्हा वातानुकूलन, मायक्रोवेव्ह आणि विजेची शेगडी एकत्र चालू केलीत की अंधार होतो. यजमान इलेक्ट्रिकल इंजिनिअर असूनही पहिल्या वर्षी आमचा ब्रेकर अनेकदा पडला, याचा उल्लेख करण्याची परवानगी मी त्यांच्याकडून घेतलेली नाही.

पाण्याचे गणित मला शिकावे लागले नाही. माझे बालपण जत तालुक्यात गेले, जिथे टँकर आला की शाळा अर्ध्यावर सोडून घागरी घेऊन धावत होतो. आमच्या गाडीत 90 गॅलन, म्हणजे सुमारे 340 लिटर पाणी मावते. नळाची जोडणी नसताना शेजारच्या अमेरिकन जोडप्याचे तेवढेच पाणी तीन दिवसांत संपते, आमचे दहा दिवस पुरते. आपण बादलीतून अंघोळ करतो, तांदूळ धुतलेले पाणी झाडाला घालतो, भांडी आधी पुसून मग धुतो. मैल्याच्या टाकीविषयी एवढेच सांगते की तिची झडप टाकी भरत येईपर्यंत बंदच ठेवावी. ती उघडी ठेवली तर पाणी वाहून जाते आणि घट्ट भाग तळाशी साचून राहतो. आमच्याकडे हे खाते यजमानांचे आहे आणि त्यांनी ते कधीही माझ्या गळ्यात घातले नाही, याबद्दल मी ऋणी आहे.

जे कोणी आधी सांगत नाही, ते आता सांगते. गाडी बिघडली की घर जाते. दुसऱ्या वर्षी ओक्लाहोमात एका पावसाळी सकाळी मोठी सरकती खोली आत जाईना. मोटर गुणगुणत होती आणि भिंत ढिम्म. खोली बाहेर असताना गाडी हलवता येत नाही. तंत्रज्ञाने दोन दिवसांनी येऊन ती हाताने आत ढकलली आणि आम्ही एका दुरुस्ती केंद्रात गेलो. तिथे "दोन आठवडे" म्हणून सांगितलेले काम सात आठवडे चालले. अशा गाडीचे इंजिन एकाचे, गिअरबॉक्स दुसऱ्याचा, चॅसी तिसऱ्याची आणि वरचे घर चौथ्याचे असते, त्यामुळे बिघाड कोणाच्या हद्दीत येतो यावरच निम्मा वेळ जातो. त्या सात आठवड्यांत आम्ही महामार्गालगतच्या हॉटेलात राहिलो. खणातले देव हॉटेलच्या टीव्हीशेजारी मांडले होते. घर विकून घर घेतले अशी आमची समजूत होती. घर विकून वाहन घेतले, हे तेव्हा कळले. वाहनाची किंमत दरवर्षी घटते, घराची सहसा वाढते. लेखापाल असून हा फरक मी उत्साहाच्या भरात नीट मांडला नाही, ही चूक माझीच.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे नातेवाईक चेष्टेने म्हणतात. विंचवाला पत्ता लागत नाही; आम्हाला लागतो. बँक, परवाना, मतदान, विमा, सगळ्यांना कायमचा पत्ता हवा असतो. म्हणून आमच्यासारखे बरेच जण टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन गावी एस्केपीज या 1978 पासूनच्या, मोटरहोमसारख्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या संघटनेकडे पत्ता घेतात. टपाल तिथे येते आणि आपण असू तिथे ते पाठवतात. त्याच गावात वृद्धापकाळी गाडी चालवता न येणाऱ्यांसाठी, आपापल्या गाडीतच राहून मदत मिळण्याची सोय आहे. पहिल्या भेटीत मी तिकडे फारसे लक्ष दिले नाही; गेल्या वेळी थांबून चौकशी केली.

सध्या आम्ही ॲरिझोनातील क्वार्टझसाइटच्या वाळवंटात आहोत. तिथल्या सरकारी जमिनीवर 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असा पूर्ण हंगाम राहण्याचा परवाना 180 डॉलरना मिळतो. विजेची जोडणी नाही, छतावरच्या सौर पट्ट्यांवर भागते. संध्याकाळी चारच्या चहाला शेजारचे लोक आपापल्या खुर्च्या घेऊन येतात. त्यांतल्या एक आजी 82 वर्षांच्या आहेत, 24 फुटी गाडीत एकट्या राहतात आणि मी केलेला चिवडा कागदाच्या पुडीत बांधून नेतात. त्या आमच्या गाडीकडे पाहून म्हणाल्या, "तुम्ही एवढे मोठे घर ओढत कशाला आलात?" त्या वर्षभर फिरतात, आम्ही वर्षभर राहतो, दोघींच्या गाड्या आपापल्या कामाला बरोबर आहेत. वर्षाला पंधरा उद्याने पाहायची असतील त्यांनी 25 फुटांच्या आसपास थांबावे. एका जागी महिना काढायचा असेल, स्वयंपाक घरचाच लागत असेल आणि नातवंडे राहायला येणार असतील, त्यांनी 40 फुटांकडे जावे. मात्र सहा महिन्यांचा हॉटेलखर्च बाजूला ठेवूनच गाडीची किंमत मोजावी आणि घेण्याआधी टायरवरचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. या गाड्यांचे टायर झिजून नव्हे, वयाने जातात. आमच्या टायरांवर 3119 असे कोरलेले आहे. नक्षी अजून नव्यासारखी दिसते, तरी सहाच्या सहा बदलावे लागणार आहेत.

बदलायचे, की टायरांसकट गाडीच विकून लहान घ्यायची, यावर आमच्यात अजून एकमत नाही. यजमान सोफा सोडायला तयार नाहीत. त्या तीन जोडप्यांपैकी ज्यांना दोन दिवस राहून पाहायचे असेल त्यांनी मार्चअखेरपर्यंत जरूर यावे. सोफा उघडून दोघांची सोय होते, अंघोळीला मात्र माणशी एकच बादली मिळेल.