मीन एल्लैत्री?

आमच्या घरात एक मासा आहे. निदान आमची तशी समजूत आहे. बेळगावच्या शहापुरातलं आमचं घर गल्लीच्या तोंडाशी, त्यामुळं येणाराजाणारा सहज आत डोकावतो, टँकसमोर उभा राहतो, चष्मा कपाळावर चढवतो, परत नाकावर उतरवतो आणि विचारतो, "मासा कुठं हाय गा?" शेजारचे कन्नड शाळेतले निवृत्त मास्तर हेच "मीन एल्लैत्री?" असं विचारतात. मी दोघांनाही बोटानं वाळू दाखवतो. दोघंही वाकून बघतात आणि माझ्याकडं त्याच नजरेनं बघत घरी जातात. सीमाभागात दोन्ही भाषांचं इतकं एकमत मी दुसऱ्या कुठल्याही बाबतीत पाहिलेलं नाही.

टँक मूळचा पुतण्याचा. तो पुण्याला नोकरीला गेला आणि तीन फुटी काचेची पेटी हॉलमध्ये तशीच राहिली. रिकामी पेटी घरात फार दिवस रिकामी राहत नाही. आधी त्यात छत्र्या आल्या, मग जुनी कॅलेंडरं, आणि एके दिवशी आईनं पाच किलो कांदे आणून ओतले, तेव्हा मी म्हटलं, आता मासे आणायचे.

टिळकवाडीतल्या दुकानात मी गोल्डफिश घ्यायलाच गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "सर, गोल्डफिश काय, सगळ्यांकडं असतंय. हे बघा. फ्लाउंडर. गोड्या पाण्याचं. बेळगावात कुणाकडं नाही." शेवटचं वाक्य त्यानं उगीच टाकलं नव्हतं. बेळगावच्या माणसाला स्वस्त म्हणून सांगा, तो घासाघीस करील. चांगलं म्हणून सांगा, नाक मुरडील. 'कुणाकडं नाही' म्हणालात की त्यानं पाकीट काढलंच.

पिशवीतला तो प्रकार कुंद्याच्या डब्याच्या झाकणाएवढाही नव्हता. चपटा, गोलसर, कडेनं झालर लावल्यासारखे पर, आणि रंग तव्यावर जरा जास्त राहिलेल्या भाकरीचा. त्यावर आडवे काळपट पट्टे. घरी आणल्यावर आईनं पिशवी उजेडाकडं धरली आणि तिचा चेहरा खुलला.

"हे तर लेपं! रवा लावून तव्यावर टाकतोय की आपण."

"आई, हे पाळायला आणलंय."

"पाळून मोठं करून मग?" तिनं विचारलं. मी गप्प राहिलो, त्याचा तिनं काय अर्थ घेतला देव जाणे. पण त्यानंतर दर बुधवारी कॅम्पातल्या मासळी बाजारातून परत आली की ती आधी टँकपाशी जाते आणि म्हणते, "अजून झालं नाही."

तिचं तसं चूक नव्हतं. दुकानात फ्लाउंडर म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा सोलच्या जातकुळीचं असतं, म्हणजे गोव्याहून येणाऱ्या आपल्या लेप्याचं लांबचं नातेवाईक. या सगळ्या चपट्या माशांची मोठी गंमत म्हणजे डोळे. अंड्यातून बाहेर येतं तेव्हा पिल्लू चारचौघांसारखं असतं. उभं पोहतं, एक डोळा इकडं, एक तिकडं. मग काही आठवड्यांत एक डोळा डोक्यावरून चालत दुसऱ्या बाजूला जातो, मासा आडवा होतो आणि जन्मभर एका कुशीवर पडून राहतो. वर आहे ती पाठ नव्हे, अंगाची एक बाजू आहे. आपण ज्याला पोट समजतो तीही बाजूच, डोळे नसलेली, पांढरी.

हे मी तात्यांना समजावून सांगितलं. तात्या म्हणजे माझे थोरले काका. 1956 साली भाषावार राज्यं केली तेव्हा ते अकरा वर्षांचे होते आणि तेव्हापासून दर 1 नोव्हेंबरला दंडाला काळी फीत लावतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे जन्मला तेव्हा दोन्हीकडं बघत होता. आता दोन्ही डोळे एकाच बाजूला लावून बसलाय?"

"होय."

"मग आपल्यातलाच हाय. राहू दे."

आईच्या तव्यापासून त्या माशाला खरं संरक्षण मिळालं ते या एका वाक्यानं.

या माशाला वाळू लागते, आणि तीही बारीक. टँकमधले निळे-गुलाबी खडे चालत नाहीत, क्रशरची वाळूही नाही. धारदार कणांनी त्याचं खालचं अंग सोलून निघतं. खानापूरकडं एका मित्राचं घर बांधायचं चाललं होतं, तिथून नदीची वाळू अर्धं पोतं आणली. चाळली. मग आईनं ती ताब्यात घेतली, कारण निवडणं आणि धुणं ही दोन कामं ती दुसऱ्याला करू देत नाही. अंगणात सुपात वाळू घेऊन ती दोन दुपारी गव्हातले खडे काढावेत तशी बसली होती. मग सात पाण्यानं धुतली. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळं ती सात पाणी म्हणजे घरातल्या पाच माणसांच्या दोन दिवसांच्या आंघोळी होत्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं म्हणून टँकचं पाणी वेगळं भरून, औषधाचे थेंब टाकून ठेवायचं. घरात तेव्हा बादल्यांवर खडूनं लिहिलेलं असे: 'माणसांचं', 'माशाचं'. माशाच्या बादल्या जास्त होत्या.

मासा सोडला. तो पान गळावं तसा हेलकावे खात तळाला गेला, दोन सेकंद थांबला, झालर थरथरवली, वाळूचा एक ढग उडाला. ढग खाली बसला तेव्हा तिथं मासा नव्हता.

आम्ही पाच जण रांगेत उभे होतो. टाळी वाजवायची की काय ते कुणालाच कळेना.

पहिले चार दिवस मी त्याला शोधण्यात घालवले. डोळे तेवढे वाळूबाहेर ठेवतो असं वाचलं होतं. नाक काचेला टेकवून वितीवितीनं तळ बघत जायचं. बघता बघता सगळ्या वाळूला डोळे फुटतात. एकदा मी खात्रीनं दाखवलेल्या जागी बायकोनं चमच्याच्या दांड्यानं टोचलं. मासा दोन फूट लांबून उसळला आणि पुन्हा गेला. त्यातल्या त्यात समाधान म्हणजे जिवंत होता. हा मासा मेला तरी कळणार कसं, हा प्रश्न मी दुकानदाराला विचारला होता. तो म्हणाला, "वास येतंय की सर."

खाण्याची तऱ्हा आणखी वेगळी. कोरडं दाणेदार खाद्य याला कचऱ्यासमान. जिवंत लागतं: ट्युबिफेक्सचे बारीक किडे, ब्लडवर्मच्या लाल अळ्या, नाहीतर गांडूळ बारीक चिरून. तेही रात्री, दिवा घालवल्यावर, आणि नेमकं त्याच्या तोंडापुढं, कारण आधी टाकलं तर सोबतचे गप्पी मासे वरच्या वर फस्त करतात आणि हा तळाशी उपाशी मरतो. बेळगावच्या पावसाळ्यात गांडुळांना तोटा नाही हे एक बरं. जूनपासून मी रात्री साडेदहाला छत्री, बॅटरी आणि खुरपं घेऊन परसात. एकदा समोरच्या काकींनी गॅलरीतून विचारलं, "काय पुरायलास रे एवढ्या रात्री?" मी म्हटलं, "पुरत नाही काकी, उकरायलोय." याचा परिणाम उलटाच झाला.

गांडूळ चिरायला स्वतंत्र सुरी, स्वतंत्र पाट. त्यांवरही खडू.

दरम्यान गप्पींची पिल्लं कमी व्हायला लागली. आठवड्याला दोन-तीन. पुरावा काही नाही. संशयित बेपत्ता.

मग एका सकाळी बायको टँकची काच पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "हा डाग आतनं हाय वाटतं, जायला तयार नाही." रुपयापेक्षा मोठा, पांढरट, गोल डाग. तिनं जोर लावला. डाग चार बोटं वर सरकला. तिनं फडकं टाकलं आणि जी किंकाळी फोडली ती ऐकून मास्तर धोतर सावरत धावत आले. मासा होता. अंगाची खालची बाजू काचेला चिकटवून तो असा भिंतीवर बसू शकतो, पाल बसते तसा. मास्तरांनी पहिल्यांदाच त्याचं दर्शन घेतलं, तेही नको त्या बाजूनं. बराच वेळ बघून म्हणाले, "मुख एल्लैत्री?" म्हणजे, याचं तोंड कुठं आहे?

त्या काचेवरच्या पाच मिनिटांत मी मोबाइलवर एक फोटो उघडून ताडून बघितलं. छातीचे पर नाहीत. मग वरून पट्टे बघितले. जुळले. शास्त्रीय नाव ट्रायनेक्टेस मॅक्युलेटस. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याचा रहिवासी, इंग्रजीत हॉगचोकर, म्हणजे डुकराचा गळा कोंडणारा. तिकडं जाळ्यात आलेले हे मासे डुकरांना घालायचे आणि खरखरीत खवल्यांमुळं ते त्यांच्या घशात अडकायचे, अशी नावामागची गोष्ट सांगतात. आईला मी ही गोष्ट मुद्दाम दोनदा सांगितली.

पण खरा घोळ पुढं होता. अॅमेझॉन खोऱ्यातले काही सोल जन्मभर गोड्या पाण्यात राहतात, हा त्यातला नव्हे. याची पिल्लं नदीत वरपर्यंत जातात, मोठी झाली की अंडी घालायला खाली खाडीकडं येतात. धड नदीचा नाही, धड समुद्राचा नाही. पोरवयात गोडं पाणी चालतं, पुढं थोडं मीठ असलेलं बरं.

"म्हणजे कुणाचा ते ठरलेलं नाही," तात्या म्हणाले.

"तसंच."

"कोर्टात घाल. आमची केस 2004 पासून सुप्रीम कोर्टात हाय, तुझा मासा तोवर जगतोय काय बघ."

स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मिठाखेरीज बाकीचे क्षारही असतात, ते लागतात. तयार सागरी मीठ विकत मिळतं, पण त्याची किंमत ऐकून मी ठरवलं की मूळ मालच आणावा. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण 1.025, आणि या माशाला 1.005 पुरे. म्हणजे एक भाग समुद्र, चार भाग नळ. त्याच महिन्यात पणजीला लग्न होतं. येताना कळंगुटला गाडी थांबवली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि वीस लिटरचा पांढरा कॅन भरून घेतला. बायको गाडीतच बसून राहिली. ओळख दाखवायला तयार नव्हती.

गोव्याहून चोर्ला घाटानं रात्री आठला बेळगावकडं येणारी गाडी, डिकीत अंथरुणाखाली झाकलेला वीस लिटरचा कॅन. कणकुंबीच्या तपासणी नाक्यावर बॅटरीचा झोत पडला तेव्हा ही गोष्ट कशी दिसते ते मला पहिल्यांदा जाणवलं.

"एनैत्री इदु?" हे काय आहे?

"नीर," मी म्हटलं. गोव्याहून येणारा प्रत्येक जण हेच म्हणत असणार.

त्यानं झाकण काढून वास घेतला. वास न आल्यामुळं तो जास्तच सावध झाला. करंगळी बुडवून जिभेला लावली आणि थुंकला. "उप्पु नीर!" खारं पाणी! मग त्यानं दुसऱ्याला बोलावलं. दुसऱ्यानंही चाखलं, थुंकला. आतून तिसरा आला. त्याला दोघांनी काहीच सांगितलं नाही.

"याक्री?" कशाला?

"मीनिगे," मी म्हटलं. माशासाठी.

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. मग पहिला, अगदी हळू आवाजात, घरच्या माणसानं विचारावं तसं म्हणाला, "एल्लारू मीन तरतार. नीव नीर तंदीरि?" सगळे गोव्याहून मासे आणतात, तुम्ही पाणी आणलंत? बायको पुढच्या सीटवरून म्हणाली, "बघा, त्यांना पण कळायलंय." झाकण त्यानं स्वतः घट्ट लावून दिलं.

पाणी एकदम बदलायचं नसतं, म्हणून रोज एक तांब्या असं टँकमध्ये घातलं. गप्पींना ते मानवलं, हिरवळ मात्र पिवळी पडून मेली. मासा कसा होता ते सांगता येत नाही. दिसला नाही.

डिसेंबरात थंडी पडली, हीटर बसवला, करंट गेला की टँकवर घोंगडी. ते सोडून देऊ.

संक्रांतीच्या सुमाराला मात्र माझ्या साधनेला फळ आलं. डाव्या कोपऱ्यात, दगडाच्या पुढं, वाळूतून वर आलेले दोन काळे, चकाकते डोळे. एकमेकांजवळ, जरासे तिरके, पुस्तकात असतात तसे. मी हललो नाही, तेही हलले नाहीत. त्या रात्रीपासून लांब चिमट्यानं गांडुळाचे तुकडे नेमके त्या डोळ्यांपुढं ठेवायला लागलो. सकाळी तुकडे गायब. अकरा महिन्यांनी आमच्या दोघांत काहीतरी जमलं होतं. नवव्या दिवशी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. पुण्याहून पुतण्याचं लगेच उत्तर: "मस्त काका! कळंगुटला परत कधी गेलात?"

मी चिडून फोटोवर लाल गोल काढला आणि पुन्हा टाकला. थोड्या वेळानं आई तिचा मोबाइल घेऊन स्वयंपाकघरातून आली, फोटो बोटांनी मोठा केला, टँकजवळ गेली, बाही वर करून हात थेट पाण्यात घातला आणि ते दोन्ही डोळे उचलून माझ्या तळहातावर ठेवले.

"सात पाण्यानं धुतलं तरी एकदोन खडे ऱ्हातातच," ती म्हणाली. मग मागच्या काचेवर फिल्टरच्या आडोशाला चिकटलेल्या, चांगल्या गरगरीत झालेल्या डागाकडं बघून म्हणाली, "आता झालं बघ."