मूसांबानीला तलाव हवा होता

ऑलिंपिक जवळ आले की जलतरणपटू एरिक मूसांबानीच्या शर्यतीची चित्रफीत पुन्हा फिरू लागते आणि तिच्याखाली काही जण खदखदून हसतात, तर काहींना गहिवरून येते. मला हसणाऱ्यांचा राग येतोच; पण गहिवरणाऱ्यांशीही माझे फारसे जमत नाही, कारण त्या शर्यतीत नेमके काय घडले हे पाहण्याची तसदी दोघेही घेत नाहीत.

सिडनी येथे 19 सप्टेंबर 2000 रोजी 100 मीटर फ्रीस्टाइलच्या पहिल्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीतल्या पहिल्या गटात, तिघेच जलतरणपटू होते. त्यांपैकी नायजर आणि ताजिकिस्तानचे दोघे चुकीच्या स्टार्टमुळे बाद झाले आणि इक्वेटोरियल गिनीचा बावीस वर्षांचा मूसांबानी एकटाच पाण्यात उतरला. पहिले 50 मीटर त्याने सुमारे 41 सेकंदांत पार केले, उरलेल्या 50 मीटरना मात्र सत्तरहून अधिक सेकंद लागले, आणि शेवटी तर तो बुडतो की काय, असे वाटू लागले. त्याची 1 मिनिट 52.72 सेकंद ही वेळ किती संथ होती, हे सांगायला एवढेच पुरे की त्याच स्पर्धेत नेदरलँड्सच्या पीटर व्हान डेन होगेनबांडने 200 मीटरचे सुवर्णपदक 1 मिनिट 45.35 सेकंदांत जिंकले.

या दोन टप्प्यांमधल्या फरकातच सगळी गोष्ट आहे. मूसांबानी पोहायला लागून जेमतेम आठ महिने झाले होते, सराव त्याच्या देशातल्या मलाबो शहरातल्या एका हॉटेलच्या छोट्या तलावात चालत असे, आणि 50 मीटरचा तलाव त्याने सिडनीला येईपर्यंत पाहिलाही नव्हता. छोट्या तलावात चार हात मारले की भिंत येते. तिला पाय लावून रेटा घेतला की वेग आयता मिळतो आणि हातांना क्षणभर उसंतही मिळते. लांब तलावात ही सोय नसते, म्हणून तिथे दम कसा पुरवायचा हे तिथेच पोहून शिकावे लागते. त्याला ते शिकण्याची संधीच मिळाली नव्हती, आणि जिद्द कितीही असली तरी ती या सरावाची जागा घेऊ शकत नाही.

उलट उदाहरण सुरीनामच्या अँथनी नेस्टीचे. सोल येथे 1988 मध्ये 100 मीटर बटरफ्लायमध्ये त्याने अमेरिकेच्या मॅट बिऑन्डीला 53.00 विरुद्ध 53.01 असे हरवले आणि जगाने त्याला चमत्कार म्हटले. चमत्कार कसला? छोट्या देशातला हा गुणी मुलगा किशोरवयातच सरावासाठी फ्लोरिडाला गेला होता. गुणवत्तेला उत्तम प्रशिक्षणाची जोड मिळाली होती.

मूसांबानीसारख्या, पात्रता वेळ न गाठणाऱ्यांना सार्वत्रिक सहभागाच्या नियमाखाली (पोहण्यात मागे असलेल्या देशांनाही स्पर्धक पाठवता यावा म्हणून केलेला नियम) प्रवेश देऊ नये, असे म्हणणारे कमी नाहीत. त्यांचा एक आक्षेप मला रास्त वाटतो: निवड राष्ट्रीय महासंघाच्या हाती असते आणि तिथे वशिला चालू शकतो. रिओमध्ये 2016 साली इथिओपियाच्या रोबेल हाबतेवर टीका झाली, तेव्हा त्याचे वडीलच महासंघाचे अध्यक्ष असल्याचा मुद्दा पुढे आला होता. (त्याच्या पोटावरून झालेली थट्टा मात्र निव्वळ हलकटपणा होता.) पण म्हणून नियमच मोडीत काढणे मला पटत नाही. असा स्पर्धक कोणाची अंतिम फेरीतली लेन हिरावत नाही. प्राथमिक फेरीची दोन मिनिटे तेवढी घेतो.

मूसांबानीने पुढे सराव सोडला नाही. त्याची वेळ 57 सेकंदांच्या आत आली, 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकची वारी व्हिसाच्या घोळात हुकली आणि 2012 मध्ये तो आपल्या देशाच्या संघाचा प्रशिक्षक झाला. सिडनीच्या वेळेपेक्षा जवळजवळ निम्मी वेळ गाठणाऱ्या माणसाला केवळ गमतीचा विषय मानणे हा अन्याय आहे. माझी मागणी साधी आहे: ज्याला असा प्रवेश द्यायचा, त्याचे नाव स्पर्धेच्या किमान दोन वर्षे आधी ठरवावे आणि तो काळ त्याला 50 मीटरच्या तलावात, जाणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली घालवता येईल, एवढा खर्च आयोजकांनी उचलावा.