आपल्या अभिप्रायास उत्तर: स्मशानातील मोफत दहन आणि आमचा आगाऊ करार

सप्रेम नमस्कार.

वडिलांच्या जाण्याच्या दुःखात आमच्यामुळे भर पडली असे आपल्याला वाटले, याबद्दल दिलगीर आहोत. मात्र ‘पंचगंगेवर महापालिका सगळे फुकट करते, तरी यांनी वडिलांकडून 18,000 रुपये आगाऊ उकळले’ हे आपण जाहीरपणे लिहिलेले वाक्य गप्प बसून गिळण्यासारखे नाही, कारण ते वाचून उद्या आमच्या अंत्यविधीच्या दुकानाची पायरी कोण चढणार?

पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका लाकूड आणि शेणी (गोवऱ्या) मोफत देते, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. होळी लहान करून स्मशानासाठी शेणी दान देणारे हे गाव. त्या शेणी कित्येकदा आमच्याच टेम्पोतून, भाडे न घेता, गेल्या आहेत. इथे दहनाचे पैसे लावण्याची छाती कोणाची होईल? ‘दहनासाठी कोणतीही आकारणी नाही’ हे आमच्या करारनाम्याचे पहिलेच कलम आहे. आपल्या वडिलांनी हयातीतच स्वतःच्या अंत्यविधीसाठी भरलेली रक्कम होती ती तिरडी, कापड, मडके, हार, शववाहिका, गुरुजींची दक्षिणा, रक्षाविसर्जनाची तयारी आणि मृत्यूचा दाखला काढून आणण्याची. सरांनी (आपले वडील आम्हाला सरच) दुकानात बसून करार दोनदा वाचला, चंदनाच्या खोडाची ओळ लाल पेनने काटली, समासात ‘शेणी पुरेत’ असे लिहून खाली सही केली आणि तेवढी रक्कम आम्ही तिथल्या तिथे कमी केली.

ऐन वेळी आपल्या काकांनी तिरडी बाहेरून आणली, गुरुजीही बदलले. दुःखाच्या घरात कोण हुज्जत घालणार? त्या दोन्हींचे पैसे आम्ही त्याच आठवड्यात परत केले, याचा उल्लेख आपण केलेला नाही. बिलावर जीएसटी नाही म्हणून ते ‘कच्चे’ ठरत नाही; मृतदेहाच्या वाहतुकीसह अंत्यविधीची सेवा कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीप्रमाणे जीएसटीच्या बाहेरच आहे.

ब्रिटनमध्ये असे आगाऊ करार विकण्यासाठी 29 जुलै 2022 पासून वित्तीय नियामकाची परवानगी लागते. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे लोकांच्या मनात शंका येते हे आम्हीही जाणतो. पण म्हणून आम्ही मोकाट नाही, 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आम्हालाही लागू आहे. आपण जिल्हा ग्राहक आयोगात जाण्याचे लिहिले आहे. अवश्य जावे, त्यासाठी 2 वर्षांची मुदत असते आणि दिलेला मोबदला 5 लाखांच्या आत असल्यास शुल्कही पडत नाही. सरांच्या सहीची प्रत आम्ही तिथे हजर करू.

कराराची एक प्रत वारसांकडेही पोहोचावी आणि आगाऊ रकमेचे खाते वेगळे असावे, अशी व्यवस्था लवकरच करीत आहोत. आयोगात जाण्यापूर्वी आमच्याकडची प्रत पाहायची असल्यास दुकानात केव्हाही यावे. आमच्या धंद्यात रात्रीही माणूस बसलेला असतो.

आपला,
दुकानाचा चालक