लाडक्या भावाचे वीस हजार

ही चर्चा 2025 च्या उन्हाळ्यातली. सच्याचं सरकारी फॉर्म भरून देणारं सेवा केंद्र आहे, त्याचं शटर अर्ध्यावर आलं की त्याच्या पायरीवर आमचा कट्टा भरतो. तासगाव तालुक्यातलं गाव आमचं, शेजारी चहाची टपरी. त्या रविवारी संत्या पुण्याहून आला होता, म्हणजे वाद होणार हे ठरलेलंच.

विक्या तोंड पाडून बसलेला. गडी बी.ए. झालाय, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून, म्हणजे लोक जिला 'लाडका भाऊ' म्हणतात तिच्यातून, एका सरकारी कार्यालयात कॉम्प्युटरवर बसायचा. पदवीधराला महिन्याला 10,000, आयटीआय-डिप्लोमावाल्याला 8,000, बारावीवाल्याला 6,000. योजना 2024 ला आली तेव्हा मुदत सहा महिन्यांची होती, पुढं अकरा झाली. ह्याची हजेरी लागलेली, मंजुरी आलेली, पण दोन महिन्यांचे पैसे काही दिसेनात.

"लाडका भाऊ रुसला वाटतं," संत्या म्हणाला. "फुकटचं मिळायला उशीर झाला तर एवढं काय? आम्ही राबतो, टॅक्स भरतो, अन् तुम्हाला वाटप."

"फुकट? दहा ते सहा तिथं काय पत्ते खेळतो व्हय मी? त्या टेबलावर पर्मनंट माणूस असता तर किती पगार घेतला असता, सांग की."

मला विक्याचं पटलं. पण संत्याचा पुढचा मुद्दाही खोटा नव्हता. तो म्हणाला, "मग अकरा महिन्यांनंतर काय? प्रमाणपत्र हातात आणि तू परत ह्याच पायरीवर. हे काय नोकरीचं वचन आहे का? नाही. मग ह्याला प्रशिक्षण कशाला म्हणायचं?" त्यावर विक्या गप्पच बसला.

तेवढ्यात सच्या आतून आला. हा माणूस वादात पडत नाही, कागद बघतो. "खातं कुठलं दिलंस?"

"पासबुकाची झेरॉक्स तूच जोडलीस की."

"पासबुक सोड. आधार कुठं सीड आहे?"

आता हे नीट सांगतो, कारण आधार बँकेत 'लिंक' असणं आणि 'सीड' असणं ह्यातला फरक आमच्या निम्म्या गावाला ठाऊक नाही. बँकेत आधारची झेरॉक्स दिली, साहेबानं 'लिंक झालं' म्हणून सांगितलं, की आपण निवांत. पण सरकारी पैसा आधारवरून टाकतात तेव्हा तो पासबुकावरचा नंबर बघत नाही. एनपीसीआय म्हणजे बँकाबँकांतले व्यवहार चालवणारी संस्था, तिच्या नोंदीत तुमच्या आधारपुढं जी बँक लिहिली असेल तिथं जातो. एका आधारला एकच बँक, शेवटी जिथं सीडिंग झालं ती. तुमची दहा खाती असू देत. माय-आधारच्या साईटवर ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' बघता येतं. दोन मिनिटांचं काम, फुकट.

सच्यानं विक्याच्या मोबाईलवर ते उघडलं. बँकेचं नाव भलतंच! तीन वर्षांपूर्वी सिमकार्ड घेताना दुकानदारानं अंगठा लावून घेतला होता, त्याच वेळी कुठलंतरी खातं निघालेलं. विक्याला पत्ताच नाही. म्हणजे वीस हजार तिथंच आरामात पडलेले असणार.

"बघ, सरकारनं दिलेत," संत्या हसला.

"दिलेत, पण हे सांगायला कार्यालयात एक माणूस नाही," विक्या उखडला. "तीन हेलपाटे मारले. प्रत्येक जण म्हणतो, वरून येतील."

सच्याच्या भाचीला पुण्यात प्रवेश मिळालाय, सरकारी वसतिगृह मिळालं नाही. ती पायरीवरच फॉर्म चाळत होती. समाजकल्याणच्या स्वाधार योजनेत पुण्यासाठी वर्षाला 60,000 मिळतात: जेवणाचे 32,000, खोलीचे 20,000, निर्वाहाचे 8,000. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी आहे ती. ओबीसींना आधार योजना आणि आदिवासी मुलांना स्वयम योजना, साधारण तशाच. मेख एकच, वसतिगृहाचा अर्ज आधी केलेला हवा. पोरं थेट कॉट बेसिसवर, म्हणजे खाजगी खोलीत एका कॉटचं भाडं देऊन, राहायला जातात आणि नंतर स्वाधारला धावतात. सच्या तिला म्हणाला, "उत्पन्नाच्या दाखल्याची पोच जपून ठेव, तारखेसकट. 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. मुदतीत दाखला दिला नाही तर अपील करता येतं, अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. पोच नसली तर अपील कशाच्या जोरावर करणार?"

संत्याला 'हक्क' हा शब्द झोंबला. "सगळ्यांना हक्कच पाहिजे. पैसे कोण देतं?"

इथं मी तोंड घातलं. म्हटलं, "तुझी पगाराची स्लिप काढ. प्रोफेशनल टॅक्स किती कापतात?"

"दोनशे. फेब्रुवारीत तीनशे."

"वर्षाचे 2,500. तो कर 1975 ला का बसवला, माहीत आहे? रोजगार हमीसाठी. आणि ती कल्पना कुणाची? आपल्या विसापूरच्या वि. स. पागेंची. ह्याच तालुक्यात आधी करून बघितली. शहरातल्या पगारदारानं कर द्यायचा आणि गावातल्या माणसानं काम मागायचं. 1977 ला कायदाच झाला, मागेल त्याला काम. तिथं कुणी कुणाचं लाडकं नव्हतं."

"मग विक्याच्या योजनेचा कायदा कुठाय?"

"नाही. जीआर आहे, नुसता शासन निर्णय. जीआरनं मुदत वाढते, जीआरनं बंदही होते. माझं भांडण तिथंच आहे रे. दहा हजार देताय तर द्या, पण नाव असं ठेवू नका की घेणाऱ्याला मान खाली घालावी लागेल."

"ते नाव सरकारनं नाही, लोकांनी ठेवलंय," संत्या म्हणाला. आणि ते बरोबर होतं, कागदावर ते नाव नाहीच. मी चहा प्यायलो.

सच्या तोवर विक्याच्या त्या भलत्या बँकेतल्या खात्याशी झटत होता. "ओटीपी जुन्या नंबरवर जातोय. ते सिम कुठाय?"

विक्यानं कपाळावर हात मारला. ते सिम विहिरीवरच्या मोटरच्या मोबाईल स्टार्टरमध्ये, म्हणजे फोनवरून मोटर चालू करायच्या डब्यात, घातलं होतं.

चौघं दोन गाड्यांवर रानात गेलो. लाईट नुकतीच आलेली, मोटर चालू, ऊस अर्धा भिजलेला. विक्याचे वडील बांधावर बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ही शेवटची सरी भरूदे. मग काढा काय काढायचं ते."

संत्या, पुण्याची गाडी पकडायची असूनही, बॅटरी धरून उभा राहिला.