उतारा न वाचता उत्तरं? जरा थांबा

परीक्षा जवळ आली की पालकांच्या गटांत एक मेसेज हमखास फिरतो. सल्ला असा: उतारा पूर्ण वाचत बसू नका, प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधा आणि ते वाक्य उतरवा. व्याकरणासाठी प्रत्ययांचा तक्ता पाठ करा. अवघड शब्द सोडून द्या. मातृभाषेला याहून जास्त काही लागत नाही.

आधी ‘शब्द शोधा, वाक्य उतरवा’ बद्दल. प्रश्न अगोदर वाचायला हरकत नाही, काय हवंय ते कळतं. गडबड पुढे आहे. समजा उताऱ्यात आहे: ‘सकाळी पाऊस थांबला, तरी मैदानावर कुणी फिरकलं नाही. सामना आदल्या संध्याकाळीच पुढे ढकलला होता.’ प्रश्न: मैदान रिकामं का होतं? ‘मैदान’ शोधणारं मूल पहिल्या वाक्यावर थांबतं आणि लिहितं, पावसामुळे. वाक्य नेमकं उलटं सांगतंय. ‘तरी’ म्हणजे पाऊस हे कारण उरलेलं नाही. खरं कारण पुढच्या वाक्यात आहे आणि तिथे ‘मैदान’ हा शब्दच नाही. ‘तरी’सारखे वाक्यं जोडणारे शब्द म्हणजे उभयान्वयी अव्ययं. उभयान्वयी अव्यय ओळखा, असा एक गुणाचा प्रश्न आपण वेगळा सोडवून घेतो. त्याचं खरं काम इथे, उताऱ्यात असतं.

आता तक्ता. पाठ असावाच, पण त्याच्यावर विसंबलात तर फसाल. ‘मुलीने कात्रीने कागद कापला.’ दोन्हीकडे ‘ने’, दोन्हीकडे तृतीया. पण मुलगी कर्ता आणि कात्री साधन. तक्ता एवढंच सांगतो की विभक्ती एक आहे. ‘ला’चं तर आणखी अवघड. ‘आईने बाळाला उचललं’ यात बाळ कर्म, म्हणून द्वितीया. ‘आईने बाळाला खेळणं दिलं’ यात दिलं काय, तर खेळणं. बाळ घेणारं, म्हणून परंपरेने चतुर्थी. प्रत्यय तोच. क्रियापदाला ‘कोणी? काय? कोणाला?’ विचारल्याशिवाय सुटका नाही, आणि हेच तीन प्रश्न उतारा समजायलाही लागतात. व्याकरण आणि आकलन असे दोन कप्पे कुणी केले कोण जाणे.

‘मातृभाषा आहे, आपोआप येतं’ हे मात्र अर्धं खरं आहे. ‘मुलीने कागद कापली’ असं मराठी घरातलं शाळकरी मूल सहसा म्हणणार नाही. कर्मणी प्रयोग, म्हणजे क्रियापद कर्माप्रमाणे (इथे ‘कागद’प्रमाणे) बदलणं, त्याच्या जिभेवर असतो, नाव माहीत नसलं तरी. पण बोलताना हावभाव असतात, समोरचा माणूस असतो, कळलं नाही तर विचारता येतं. कागदावर यातलं काही नाही. ‘दादाने धाकट्याला आपल्या खोलीत नेलं’ आणि ‘दादाने धाकट्याला त्याच्या खोलीत नेलं’ ही वाक्यं शेजारी ठेवा. पहिल्यात खोली दादाची. दुसऱ्यात बहुधा धाकट्याची, किंवा आधी उल्लेख झालेल्या तिसऱ्याच कुणाची. ते मागचं वाक्य वाचूनच ठरतं. ‘खोली कोणाची?’ हे मुलाला विचारून बघा. घाईत वाचणारं मूल दोन्हीला एकच उत्तर देतं.

राहिला अवघड शब्द. सोडून पुढे जायला हरकत नाही, पण वाक्य संपल्यावर परत यायचं. ‘त्याचा कृपण स्वभाव सर्वांना माहीत होता, म्हणून वर्गणी मागायला कुणी गेलंच नाही.’ ‘कृपण’ कधी ऐकला नसला तरी ‘म्हणून’च्या पुढचा भाग वाचला की अर्थ हाती येतो: कंजूष.